दिवेवाला कोण?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. नवरा म्हणतो, तुला कुणी फुलं दिली तरी तू आधी त्यात मुंग्या आहेत का ते बघशील. बघेनच. असतात मुंग्या! आणि मला पगार मिळतो तोच मुळी संशय घेण्याचा. विश्वाची सुरुवात कशी झाली याचा पुरावा आकाशात शोधणाऱ्या एका गटात मी काम करते. बाकीचे शोधतात, आणि त्यांना सापडलंय ते खरं नाही, ती धूळ आहे, यंत्राची खोडी आहे, असं धरून मी त्यांच्या मागे लागते. ऑफिसात माझी लोकप्रियता किती असेल ते तुम्हीच ओळखा.

घरी आल्यावर तरी सुटका व्हावी की नाही? तर घरी अण्णा. माझे सासरे. त्यांनीही आयुष्यभर हाच धंदा केला, आणि तोही विरुद्ध पक्षात बसून.

भांडण काय आहे ते सोप्या शब्दांत सांगते. आमचा गटप्रमुख आणि त्याच्यासारखे पुष्कळ लोक म्हणतात की अगदी सुरुवातीला, डोळ्याचं पातं लवायच्या आत, विश्व भयंकर फुगलं. याला आम्ही फुगवटा म्हणतो. अण्णा म्हणतात, सुरुवात बिरुवात काही नाही. आधीही विश्व होतंच, ते सावकाश आकसत गेलं आणि मग उसळी मारून पुन्हा पसरायला लागलं. ही अण्णांची उसळी. दोघांचा निवाडा करणारी एकच गोष्ट आहे. विश्व खरंच तसं झटक्यात फुगलं असेल, तर त्या हिसक्याने आकाशातल्या सगळ्यात जुन्या उजेडात एक बारीकसा पीळ राहिला असणार. पीळ सापडला तर अण्णांची उसळी खलास. आमची दुर्बीण नेमका तोच शोधत होती. म्हणजे रोज सकाळी डबा भरून मी निघायची ती सासऱ्यांचा जन्मभराचा खटाटोप मोडीत निघतोय का ते बघायला.

गंमत म्हणजे आमच्या प्रमुखाला अण्णांनीच शिकवलेलं. ऐन तिशीत तो त्यांना सोडून फुगवट्याकडे गेला आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एका सभागृहात आले तरी दोन टोकांना बसायचे.

अण्णांचं आणि माझं मात्र बोलणं भरपूर, म्हणजे भांडण. दुर्बिणीत काय दिसतं याबद्दल घरी ब्र काढायचा नाही, हा गटाचा नियम. अण्णाही कधी विचारत नसत. पण बाकीचं विश्व आम्हाला मोकळं होतं.

“तुमचा फुगवटा कशामुळे सुरू झाला, ते सांग आधी,” अण्णा पाव मोडता मोडता म्हणायचे.

“आणि तुमचं आधीचं विश्व कुठून आलं?”

“त्याच्या आधीच्यातून.”

“वा! आणि ते?”

“तुला कुठे थांबायचं तेच कळत नाही.”

“मला? शेपूट तुमचं लांबतंय, अण्णा!”

नवरा दातांचा डॉक्टर. तो मुकाट्याने बशा उचलायचा आणि विचारायचा, विश्व कसंही झालेलं असो, आज भांडी कोण घासणार?

आता दिव्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या दुर्बिणीच्या तोंडाशी एक छोटं यंत्र बसवलेलं आहे, त्याला आम्ही दिवा म्हणतो. तो लावला की आकाशातून येणाऱ्या उजेडात खोटा पीळ मिसळतो, हुबेहूब खऱ्यासारखा. लावायचा की नाही, लावला तर किती, हे एकाच माणसाच्या हातात; तो कुठेही बसून, अगदी घरूनही, ते करू शकतो. तो दिवेवाला. दिवेवाला कोण हे फक्त प्रमुखाला माहीत, आणि त्याने काय केलं हे प्रमुखालाही माहीत नसतं. नोंद कुठेही ठेवत नाहीत, कारण नोंद आली की डोकावणारे आलेच. आमचं काम पुरं होऊन त्याला कुलूप लागलं, कुणालाही आता काही बदलता येत नाही अशी खात्री झाली, की भर बैठकीत दिवेवाल्याला विचारायचं, किती? तो सांगेल तो आकडा आमच्या आकड्यातून वजा करायचा. उरेल ते आकाशाचं.

कुणी म्हणेल, एका माणसाच्या शब्दावर एवढा भरवसा? मीही हेच म्हणायची, आणि तेही ओरडून. पण पीळ दिसला की शहाणीसुरती माणसं नाचायला लागतात आणि तपासणी ढिली पडते. दिवा असेल ही धास्ती असली की सगळे जरा जमिनीवर राहतात. म्हणून ही रीत.

आणि हिवाळ्यात एका दुपारी पीळ दिसला.

यंत्रं सांभाळणारा आमचा इंजिनियर, त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, त्याने मला हाक मारली. पडद्यावर आलेख होता. जिथे सपाट रेघ असायची तिथे चांगला ठसठशीत उंचवटा. आमच्या मापात आठ.

“दिवा,” मी म्हटलं.

“दिवाच असणार,” मिस्त्री म्हणाला, आणि गालातल्या गालात हसला.

बस्स, माझ्या मनात पाल चुकचुकली. हा हसला का? हाच दिवेवाला असेल का? त्या दिवसापासून ऑफिसात कुणाची कुणाकडे सरळ नजर जाईना. कॉफीच्या यंत्राशी दोघं उभे दिसले की तिसरा कान टवकारायचा. कुणी रजा घेतली तरी संशय, कुणी मिठाईचा डबा आणला तरी संशय. मिस्त्रीला मी एकदा सरळच विचारलं, तर तो म्हणाला, “मला वाटत होतं तूच आहेस. एवढी बोंबलतेस ती त्यासाठीच.” घ्या!

मी त्या उंचवट्याच्या मागे हात धुऊन लागले. धूळ वजा केली, वेगळ्या रीतीने पुन्हा वजा केली. यंत्राचा गरमपणा तपासला, वारा तपासला, दुर्बिणीचा निम्मा भाग झाकून पाहिलं. उंचवटा जागचा हलेना. म्हणजे दोनच शक्यता. एक तर दिवा लागलाय, नाहीतर अण्णा संपले.

आणि संध्याकाळी त्याच अण्णांच्या समोर बसून जेवायचं. कशी भांडू मी? उसळीची एक खोड काढायला तोंड उघडायची आणि मीठच मागायची. ज्या माणसाचं घर जळतंय की नाही हे आपल्याला अर्धं माहीत आहे, त्याच्याशी खिडकीच्या रंगावरून वाद घालवत नाही. मग मी त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारायची, त्यांचा चष्मा पुसून द्यायची. माझी मलाच लाज वाटायची.

एका रविवारी त्यांनी मुद्दाम खडा टाकला. “तुमच्या फुगवट्यात ना हवा, ना दम. नुसता आवाज. बरोबर ना, सूनबाई?”

मी सफरचंद कापत होते. म्हटलं, “असेलही, अण्णा. तुमचंही बरोबर असू शकतं.”

अण्णांनी हातातला कप खाली ठेवला. “काय म्हणालीस?”

“काही नाही. फोड घ्या.”

फोड त्यांनी घेतली नाही. मग उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, झालं, माझ्या तोंडून निसटलं. यांना वाटलं असणार की पीळ सापडलेलाच नाही, म्हणूनच ही नमतं घेतेय. आता हा म्हातारा आत बसून जिंकल्याचा आनंद करत असणार, आणि पुढे सत्य कळेल तेव्हा त्याचं काय होईल?

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं लिहिणं बंद झालं. उसळीवरचं त्यांचं मोठं पुस्तक शेवटाला आलं होतं, प्रकाशक मागे लागला होता. रोज नाश्ता झाला की लिहायला बसणारा माणूस खिडकीशी नुसता बसून राहायला लागला. नवरा म्हणाला, वय झालं. मी म्हटलं, वयबिय काही नाही, कुठेतरी पाणी मुरतंय. निकालाची वाट बघतायत. कुणीतरी यांना आतली बातमी देतंय, आणि पुस्तकाचा शेवट त्याप्रमाणे लिहायचाय.

“कोण देणार बातमी?” नवरा म्हणाला. “तू?”

“मी नाही म्हणूनच तर विचारतेय, कोण!”

उत्तर मला आठवड्याभरात मिळालं. दुपारी डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आले. अण्णांच्या खोलीचं दार लोटलेलं, आतून आवाज. “नाही रे. तिला काही कळू दिलेलं नाही मी. तू दिवस सांग फक्त.” मी आत शिरले तशी त्यांनी घाईघाईने फोन पालथा ठेवला. पण तेवढ्यात मी नंबर पाहिला. आमच्या प्रमुखाचा. पाठ आहे मला, रोज त्याच्याशी वाद घालते.

“कोणाचा फोन, अण्णा?”

“दवाखान्याचा. तपासणीची तारीख.”

तोंडावर खोटं! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. इतकी वर्षं ज्याचं तोंड बघत नव्हते, त्याच्याशी गुपचूप गूळपीठ? आणि मी मूर्ख, गटाचा नियम पाळायचा म्हणून जेवताना जीभ चावून बसत होते. आमचा प्रमुख जुन्या गुरूला बातम्या पुरवतोय, गुरू माझा चेहरा वाचून त्या ताडून बघतोय, आणि मधल्यामध्ये मी चहा करतेय! रडूच आलं मला, खरं सांगते. राग आला म्हणून नाही. त्या आठवड्यापर्यंत अण्णांवर मी कधी संशय घेतला नव्हता. जगात तो एकच माणूस होता.

मी नवऱ्यालाही काही बोलले नाही. ठरवलं, उत्तर भर बैठकीत मागायचं.

बैठक सकाळची होती. लांब खोली, भिंतीवर तो आलेख मोठा करून लावलेला, उंचवटा आणि खाली आठचा आकडा. सगळा गट हजर. कुणाच्या हातातल्या कपातला चहा प्यायला जात नव्हता. प्रमुखाने घसा खाकरला. “कामाला कुलूप लागलेलं आहे. आता कुणीही काहीही बदलू शकत नाही. मी दिवेवाल्याला...”

“थांबा,” मी उभी राहिले. आवाज चांगला खणखणीत लागला. “दिव्याचं नंतर. या गटात फितुरी झालीय. इथल्या गोष्टी बाहेर जातायत. माझ्या घरी जातायत. माझे सासरे या निकालात गुंतलेले आहेत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि तुम्ही त्यांना चोरून फोन करता. मी माझ्या कानांनी ऐकलंय. तुम्ही उत्तर दिल्याशिवाय मी हा निकाल उघडू देणार नाही.”

मिस्त्रीने डोळ्यांवर हात ठेवला. मला वाटलं होतं प्रमुख चिडेल, सारवासारव करेल. तो सरळ दाराकडे गेला, दार उघडलं आणि म्हणाला, “आत या, सर.”

आणि अण्णा आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. सकाळी मला दवाखान्यात जातो म्हणून सांगितलेलं.

“हे आपले दिवेवाले,” प्रमुख म्हणाला. “मला असा माणूस हवा होता, ज्याच्यावर खोटा पीळ टाकल्याचा संशय कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. ज्याला पीळ नकोच आहे, तो कशाला टाकेल? बोलणं बंद होतं तरी मी फोन केला. भीती एकच होती, घरात ही आहे. सर म्हणाले, माझी सून फुटायची नाही आणि मीही फुटायचा नाही.”

कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं मला. मी खाली बसले. बसले कसली, खुर्चीत कोसळले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी अण्णांकडे. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते भिंतीकडे बघत होते.

तो आलेख ते पहिल्यांदाच पाहत होते. काठी टेकत अगदी जवळ गेले, चष्मा वर केला, उंचवट्यावरून नजर फिरवत खालच्या आकड्यावर आले. आठ.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. आठ. आमच्या आठातून त्यांचे आठ गेले की आकाशात पीळ उरतच नाही. फुगवट्याच्या हाती काही लागत नाही, उसळी जिवंत राहते, पुस्तक छापलं जातं. नोंद नाही, साक्षीदार नाही. त्यांनी खरंच आठ लावला असेल, किंवा अजिबात लावला नसेल, कुणाला कळणार? मी जन्माची संशयखोर. माझं काम होतं ओरडून म्हणायचं, यांना आलेख दाखवू नका, आधी आकडा घ्या! मला ते सुचलं, शब्द ओठांवर आलेसुद्धा. आणि मी गप्प राहिले. म्हणा ना अण्णा, मी मनात म्हणत होते. आठ म्हणा आणि घरी चला.

“सर,” प्रमुखाने विचारलं, “किती?”

अण्णा भिंतीकडेच बघत म्हणाले, “शून्य.”

कुणाला समजलंच नाही.

“मी दिवा लावलाच नाही,” अण्णा म्हणाले. “एकदाही नाही. मला आकाशाचं उत्तर हवं होतं, त्यात माझी भेसळ नको होती. हा जो काही पीळ आहे तो आकाशाचा आहे. अभिनंदन रे.”

मग जो गलका उठला म्हणता! लोक टेबलावर चढले, मिस्त्री लहान मुलासारखा रडला. एकमेकांवर संशय घेऊन घेऊन आंबलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. प्रमुख तेवढा हसला नाही. तो अण्णांसमोर वाकला, अण्णांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते हळूच दाराबाहेर पडले. मी मागे धावले.

ते बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बसले होते. मी शेजारी बसले. काय बोलणार? जिभेला हाड नसल्यासारखी मी त्यांना सगळ्यांसमोर हेर ठरवून आले होते.

“अण्णा, मी...”

“छान बोललीस. मला आवडलं. आवाज दाराबाहेर स्वच्छ येत होता.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“त्या रविवारी. तू म्हणालीस, तुमचंही बरोबर असू शकतं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून कधी म्हणाली होतीस का असं? मला तेव्हाच समजलं, यांना काहीतरी दिसलंय आणि हिला माझी दया येतेय. तुम्हा लोकांना तो दिवा वाटत असणार. पण दिवा नव्हता, हे एकट्या मला ठाऊक होतं.” त्यांनी काठी फरशीवर टेकवली. “म्हणजे बघ हं, पीळ आहे आणि तो खरा आहे, हे पृथ्वीवर एकट्या मला माहीत होतं. हिवाळाभर. एवढी मोठी गोष्ट, आणि कुणाला सांगायची सोय नाही. तुलासुद्धा नाही. जेवताना समोर बसायचीस तर वाटायचं, आता सांगून टाकावं हिला.”

एकीकडे लाज, एकीकडे असा उमाळा की बस्स. आतल्या खोलीतून टाळ्यांचा आवाज येत होता.

“मग आठ का नाही म्हणालात?” मी विचारलं. “मी गप्प होते, अण्णा. मला कळत होतं तरी मी गप्प होते.”

“पाहिलं मी.”

“मग?”

“मग काय? मी चुकलो गं,” ते म्हणाले. इतक्या साध्या आवाजात, जणू बसचा नंबर चुकला असावा. आणि मग त्यांची हनुवटी थरथरायला लागली. काठीच्या मुठीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि त्यावर कपाळ टेकलं. या माणसाने आयुष्यात एकदा तरी चूक कबूल करावी म्हणून मी किती वर्षं जेवणाच्या टेबलावर घसा फोडला होता. आता ते शब्द मला परत त्यांच्या तोंडात कोंबावेसे वाटत होते.

“अण्णा, ऐका,” मी त्यांचा दंड धरला. “मी उद्या परत तपासते. सगळं पहिल्यापासून. धूळ असेल. धूळ भल्याभल्यांना फसवते, तुम्हीच म्हणता ना? एखादा थर माझ्या नजरेतून सुटला असेल. धूळच असणार ती.”

अण्णांनी मान वर केली. डोळे पुसले नाहीत, तसेच माझ्याकडे बघत राहिले.

“तू तपासलंयस ना?” ते म्हणाले. “मग धूळ नाही.”